राजवाडा ते रेसिडेन्सी

इंदूरला येणाऱ्या पाहुण्यांना काय काय दाखवायचे, ह्याचा क्रम इथल्या मराठी घरांतून पिढ्यान्‌पिढ्या ठरून गेलेला आहे. सकाळी राजवाडा, तेथून चार पावलांवरच्या कृष्णपुऱ्याच्या छत्र्या, दुपारी लालबाग, आणि रात्री सराफ्यात उभ्याउभ्या भुट्ट्याचा कीस. वेळ उरलाच तर माणिकबाग लांबून. ह्या क्रमात रेसिडेन्सी कोठीचे नाव कधी येत नाही. ती आता सरकारी विश्रामगृह आहे. मंत्री येतात, लाल दिव्यांच्या गाड्यांचे दिवस गेले तरी पोलिसांच्या गाड्या उभ्या असतात, आणि सामान्य माणूस फाटकावरून पुढे निघून जातो. २०२४ मध्ये तिच्या नामांतराचा विषय महापालिकेत निघाला, तेव्हा अनेकांना ती अजून आहे ह्याचेच आश्चर्य वाटले.

तरीही माझे असे मत आहे की, राजवाडा पाहून रेसिडेन्सी न पाहणाऱ्याने इंदूरचे अर्धेच राज्य पाहिले. एकशेतीस वर्षे ह्या शहरात दोन दरबार भरत होते. दोहोंमधले अंतर तीन-चार किलोमीटरांहून अधिक नाही. सकाळच्या वेळी, उन्हे चढण्यापूर्वी ते पायी काटता येते. मी ते अनेकदा काटले आहे. आज वाचकांना बरोबर घेऊन जातो.

निघायचे राजवाड्यासमोरून. सात मजली दरवाजा, खालचे मजले दगडी आणि वरचे लाकडी. थोरल्या मल्हाररावांच्या काळी, १७४७ च्या सुमारास, ह्या वाड्याच्या कामास आरंभ झाला. १८०१ मध्ये सर्जेराव घाटग्याने शिंद्यांच्या फौजेनिशी इंदूर लुटले, तेव्हा वाडा जळाला. १९८४ च्या दंगलीत पुन्हा आगीच्या भक्ष्यस्थानी पडला, आणि पुन्हा उभा राहिला. ह्या आगी सर्वांना ठाऊक असतात. ज्या घटनेने ह्या वाड्याचे खरे वैभव गेले, ती मात्र इथे घडली नाही. ती घडली मंदसोरला.

२१ डिसेंबर १८१७ रोजी क्षिप्राकाठी महिदपूर येथे होळकरांची फौज इंग्रजांकडून पराभूत झाली. आदल्याच दिवशी तुळसाबाईंचा त्याच नदीकाठी वध झाला होता. गादीवरचे धाकटे मल्हारराव जेमतेम अकरा-बारा वर्षांचे. पंधरवड्यातच, ६ जानेवारी १८१८ रोजी, मंदसोरला तह झाला. कंपनीच्या वतीने सर जॉन माल्कम आणि होळकरांच्या वतीने तात्या जोग, म्हणजे विठ्ठल महादेव किबे. इंदूरच्या किबे घराण्याचे हे मूळपुरुष. सरदार माधवराव किबे आणि कमलाबाई किबे ह्यांच्या नावांमुळे हे घराणे मराठी वाचकांना परके नाही.

तहाने बरेच काही गेले. राजपुतान्यावरचे हक्क गेले, सातपुड्याच्या दक्षिणेकडचा मुलूख गेला. अमीरखान आणि गफूरखान ह्यांना स्वतंत्र जहागिरी मिळाल्या. पराभूताच्या तहात एवढे जायचेच. इतर सत्तांशी कंपनीला न विचारता पत्रव्यवहार करावयाचा नाही, युरोपीय वा अमेरिकन माणूस संमतीवाचून नोकरीस ठेवावयाचा नाही, आणि कंपनीचा एक वकील दरबारी राहील, अशीही कलमे होती. परंतु ह्या सर्वांत एक कलम फार गोड होते. महाराजांची मुले, नातलग, आश्रित, प्रजा आणि नोकर ह्यांच्याशी इंग्रज सरकारला काही एक कर्तव्य नाही. त्यांच्या बाबतीत महाराज पूर्ण मुखत्यार आहेत, असा त्याचा आशय. म्हणजे बाहेरचे सर्व गेले तरी घर आपले राहिले. तात्या जोगांसारख्या मुरब्बी माणसाने त्या कलमाकडे पाहूनच शाईत बोरू बुडविला असेल, असे मला नेहमी वाटते.

त्याच वर्षी राजधानी इंदूरला आली, आणि दरबारी राहावयाचा तो वकीलही आला. दरबारात त्याने मुक्काम केला नाही. शहराच्या पूर्वेस, नदीपलीकडे त्याने जागा घेतली.

राजवाड्याच्या उजव्या अंगाने उतरत आपण कान्ह नदीच्या पुलाशी येतो. जुने लोक तिला खान नदी म्हणतात. पाण्याविषयी न बोललेले बरे. काठावर कृष्णपुऱ्याच्या छत्र्या आहेत. कृष्णाबाई, दुसरे तुकोजीराव आणि शिवाजीराव ह्यांच्या. पाहुणे इथे खांबांवरचे कोरीव काम पाहतात आणि फोटो काढतात. मी मात्र इथे कृष्णाबाईंपाशी थोडा थांबतो, कारण ‘महाराज पूर्ण मुखत्यार’ हे कलम प्रथम कुठे पातळ झाले, ते ह्या बाईंनी डोळ्यांनी पाहिले.

मल्हारराव १८३३ मध्ये निपुत्रिक वारले. त्यांच्या पत्नीने मार्तंडराव नावाचे अर्भक दत्तक घेतले. तिकडे महेश्वरच्या किल्ल्यात कैदेत असलेल्या हरीरावांना त्यांच्या पक्षाने सोडविले, आणि इंग्रजांनी हरीरावांना मान्यता दिली. दत्तक मुलाची पेन्शनीवर बोळवण झाली. पुढे हरीराव गेले, त्यांचे दत्तक खंडेराव काही महिन्यांतच, १८४४ मध्ये, वारले. गादी रिकामी. मल्हाररावांच्या मातोश्री कृष्णाबाईंनी भाऊ होळकरांच्या धाकट्या मुलाचे नाव पुढे केले, आणि रेसिडेंट रॉबर्ट हॅमिल्टन ह्याने ते उचलून धरून त्या बालकास गादीवर बसविले. हेच दुसरे तुकोजीराव.

निवड उत्तम होती, ह्यात शंका नाही. परंतु पुढे काय झाले ते पाहावे. हॅमिल्टनने वरिष्ठांची वाट न पाहता हे केले, म्हणून गव्हर्नर जनरल त्याच्यावर रागावले. आणि नव्या महाराजांना पत्र गेले, त्यातला सूर असा की, हे राज्य तुम्हांस हक्काने नव्हे, आमच्या कृपेने मिळाले आहे. महाराजांच्या नातलगांशी ज्या सरकारला काही एक कर्तव्य नव्हते, ते सव्वीस वर्षांत त्यांचा वारस ठरवू लागले, आणि वर उपकारही नोंदवू लागले. तक्रार करावी तर कोणाकडे? संस्थानिकाने गव्हर्नर जनरलला लिहावयाचे पत्र रेसिडेंटच्या हातूनच जावयाचे. म्हणजे गाऱ्हाणे ज्याच्याविरुद्ध, त्याच्याच टपालातून ते पाठवावयाचे.

पूल ओलांडून गांधी हॉलवरून पुढे गेले की शास्त्री पूल लागतो आणि खाली रेल्वेचे रूळ. इथे एक गमतीची गोष्ट सांगण्यासारखी आहे. खांडव्याहून इंदूरला येणारी ही लोहमार्गाची वाट दुसऱ्या तुकोजीरावांच्या पैशाने झाली. त्यांनी १ कोटी रुपये ४॥ टक्के व्याजाने १०१ वर्षांच्या मुदतीवर सरकारला दिले. नाव पडले होळकर स्टेट रेल्वे. पण ज्या जमिनीवर रूळ पडले, तिथली हुकमत इंग्रजांकडे गेली. स्वतःच्या राज्यात, स्वतःच्या कर्जावर धावणाऱ्या गाडीत बसलेल्या माणसावर महाराजांचा अंमल नव्हता. व्यवहारात तुकोजीराव फार हिशेबी म्हणून प्रसिद्ध. ह्या व्यवहारात व्याज त्यांना मिळाले.

पुलापलीकडे रीगल चौक, आणि तेथून थोडे पुढे महाराजा यशवंतराव रुग्णालय, सगळ्या माळव्याचे ‘एम. वाय.’. रेसिडेन्सीची हद्द पूर्वी इथवर होती. रुग्णालयाच्या आवारात अमझेऱ्याचे राजे बख्तावरसिंह ह्यांचे स्मारक आहे. १० फेब्रुवारी १८५८ रोजी त्यांना इथे कडुनिंबाच्या झाडाला फाशी देण्यात आले. रुग्णांचे नातेवाईक स्मारकाच्या आसपास डबे सोडून बसलेले असतात. त्यांना ह्या राजाचे नाव ठाऊक असावेच, असा आग्रह मी धरणार नाही; ज्याचे माणूस आत खाटेवर आहे, त्याला १८५७ चे काय?

पण त्या १८५७ ने होळकरांच्या घराला जे गाऱ्हाणे दिले, ते तुकोजीरावांच्या मरणापर्यंत पुरले. हॅमिल्टन रजेवर होता आणि त्याच्या जागी कर्नल ड्युरंड आलेला. १ जुलैच्या सकाळी, रेसिडेन्सीच्या रक्षणासाठी ठेवलेल्या होळकरी तोफांनीच रेसिडेन्सीवर मारा केला. पुढाकार सआदतखानाचा. ड्युरंड आपली माणसे घेऊन सिहोरच्या वाटेने निघून गेला. बंडवाले राजवाड्यावर आले आणि आश्रयास आलेल्या ख्रिस्ती लोकांना स्वाधीन करा म्हणाले. बाविशीतल्या महाराजांनी नकार दिला. त्या लोकांना आणि उरलेला खजिना महूच्या छावणीत पोचता केला. ड्युरंडने मात्र महाराजांनाच बंडाचे सामील ठरविले. नंतरच्या चौकश्यांतून तो आरोप उभा राहिला नाही, तरी संशय राहिला. शिंद्यांना, निजामाला, भोपाळच्या बेगमेला मुलूख मिळाले. होळकरांना मिळाला नाही. ड्युरंड पुढे गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलात जाऊन बसला. महाराजांची बाजू लंडनमध्ये मांडली ती जॉन डिकिन्सन नावाच्या एका इंग्रज गृहस्थाने. इथून ती मांडण्याची सोय नव्हती. सआदतखान सतरा वर्षांनी हाती लागला आणि १८७४ मध्ये ह्याच रेसिडेन्सीच्या हद्दीत फासावर गेला.

आता आपण कोठीपाशी आलो. झाडी अजून चांगली आहे. इथे १८५४ पासून केवळ इंदूरचा रेसिडेंट नव्हे, सगळ्या मध्य भारताचा एजंट राहत असे. धार, देवास, रतलाम, जावरा, भोपाळ, रीवा, सर्वांची दोरी ह्या एका व्हरांड्यात बांधलेली. शेजारी बाजार वसला, त्यात कायदा इंग्रजी. माळव्याची अफू मुंबईला जावयाची, तिचे परवाने इथे. एजंट हेन्री डेली ह्याच्या नावाने राजपुत्रांची शाळा निघाली, ते आजचे डेली कॉलेज. राजवाड्यातला मुलगा काय शिकेल, हेही कोठीच्या सावलीत ठरू लागले.

तुकोजीरावांनंतर शिवाजीराव आले, १८८६ मध्ये. त्यांच्या लहरीपणाच्या कथा जुन्या इंदुरात अजून सांगतात. सावकारांना बग्गीला जुंपल्याची कथा तर आबालवृद्धांना पाठ आहे. त्याच महाराजांच्या कारकिर्दीत १८९१ मध्ये होळकर कॉलेज निघाले, हेही सांगावयास हवे. १८९९ मध्ये खास त्यांच्यावर नजर ठेवण्यासाठी इंदूरला वेगळा रेसिडेंट नेमला. १९०२ मध्ये होळकरी नाणे बंद होऊन इंग्रजी रुपया आला. १९०३ च्या जानेवारीअखेर महाराजांनी बारा वर्षांच्या मुलासाठी गादी सोडली.

इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट मान्य केली पाहिजे. ज्यांना महाराजांचा जाच होता, त्यांना रेसिडेन्सी हा आधार वाटत असे. आमच्या मराठी नोकरदार घरांतूनही दोन्ही प्रकारचे लोक होते. दिवसा राजवाड्यात मुजरा करून संध्याकाळी कोठीच्या वाटेला लागणारे काही थोडे नव्हते. परका माणूस कारभारात ढवळाढवळ करतो तेव्हा तो नेहमी काहीजणांचा कैवारी होऊनच करतो. म्हणून त्याच्याविरुद्धचे गाऱ्हाणे एकमुखी कधीच नसते.

हा अनुभव केवळ आपला नाही. आज कितीतरी मराठी घरांतली मुले आखाती देशांत नोकरीस आहेत, बहरीनमध्ये गणपतीही बसतात. पण त्या बेटांवर एकेकाळी इंदूरचाच कारभार होता, असे म्हटले तर पुष्कळांना नवल वाटेल. इराणी आखाताचा ब्रिटिश रेसिडेंट बुशहरला राहत असे, आणि तो हिंदुस्थान सरकारचा नोकर होता. ज्या राजकीय खात्यातून इंदूरला अधिकारी येत, त्याच खात्यातून तिकडे जात. चलन रुपया, मोत्यांची पेठ मुंबई. बहरीनच्या शेखांशी इंग्रजांनी १८६१, १८८० आणि १८९२ मध्ये करार केले. परसत्तेशी परस्पर व्यवहार करावयाचा नाही, हे तिथेही होते. मंदसोरची मसलत समुद्रापार गेली होती, एवढेच.

तिथे शेख ईसा बिन अली १८६९ पासून राज्य करीत होते. १९२१ मध्ये मेजर डेली नावाचा पोलिटिकल एजंट आला. आडनाव वाचून इंदूरकर जरा चमकेल. त्याने कारभार सुधारण्याचे मनावर घेतले. सुधारणांची गरज होती. बागाईत कसणाऱ्या शिया रयतेवर सरंजामी शेखांचा जुलूम होता, आणि त्या रयतेने इंग्रजांकडे अर्जही केले होते. १९२३ च्या मे महिन्यात रेसिडेंट नॉक्स ह्याने भर मजलिसीत जाहीर केले की, ईसांऐवजी त्यांचे चिरंजीव हमद कारभार पाहतील. चौपन्न वर्षे राज्य केलेल्या वृद्ध शेखांनी ह्याला संमती दिली नव्हती.

त्याच वर्षी ऑक्टोबरात काही प्रतिष्ठित लोक एकत्र आले. मोत्यांच्या व्यापारातले, सुन्नी घराण्यांतले. अब्दुल वहाब अल्‌ झयानी आणि अहमद बिन लाहिज हे प्रमुख. त्यांनी मागण्या लिहून काढल्या. शेख ईसांनाच ठेवावे. कारभारासाठी सल्लागार मंडळ असावे. मोत्यांच्या धंद्यातले तंटे सोडविण्यास न्यायमंडळ असावे. आणि इंग्रज एजंटाने करारांना अनुसरून अंतर्गत कारभारात हात घालू नये. मला ह्यातली शेवटची मागणी वाचताना मंदसोरचे ते गोड कलम आठवते, आणि दुसरी वाचताना थोडी लाज वाटते. कारण त्यांनी केवळ आपल्या शेखासाठी दाद मागितली नाही. आम्हांला विचारा, असे ते म्हणाले. शिया शेतकरी त्यांच्यात नव्हते, हा त्या मागणीचा उणेपणा खराच. पण मागणी झाली.

उत्तर काय मिळाले? दोघांही पुढाऱ्यांना पकडून नोव्हेंबरात हिंदुस्थानात हद्दपार केले. झयानी १९२५ मध्ये मुंबईत वारले, घरापासून दूर. १९२६ च्या मार्चअखेर चार्ल्स बेलग्रेव्ह नावाचा सल्लागार बहरीनला पोचला आणि १९५७ पर्यंत राहिला.

त्याच मुंबईत, त्याच १९२५ साली, १२ जानेवारीच्या संध्याकाळी मलबार हिलवर अब्दुल कादिर बावला ह्या व्यापाऱ्याचा खून झाला. इंदूर दरबार सोडून गेलेल्या मुमताज बेगमेला मोटारीतून पळविण्याचा तो प्रयत्न. आरोपींत होळकर सरकारचे नोकर होते. त्यांना शिक्षा झाल्या. पुढचा प्रश्न महाराज तिसऱ्या तुकोजीरावांचा. व्हाइसरॉयने दोन वाटा ठेवल्या, चौकशीमंडळ किंवा गादीत्याग. २६ फेब्रुवारी १९२६ रोजी महाराजांनी गादी सोडली, आणि चौकशी झाली नाही.

ह्या प्रकरणावर पुस्तके आली, वर्तमानपत्रांनी तर त्या काळी रकाने भरले. मला त्यातली मुमताज किंवा मोटार एवढी बोचत नाही, जेवढी ती शेवटची देवघेव बोचते. महाराज दोषी असतील तर इंदूरच्या प्रजेला ते पुराव्याने कळावयास हवे होते. निर्दोष असतील तर ते राहावयास हवे होते. पडदा पडला तो कोठी आणि राजवाडा ह्यांच्यातल्या सौद्याने, आणि ज्यांचे राज्य होते त्यांना सकाळी उठून नवे नाव कळले. बहरीनच्या व्यापाऱ्यांनी निदान कागद लिहिला आणि त्याची किंमत दिली. आमच्या वाडवडिलांनी नव्या महाराजांच्या नावाने पेढे वाटले. मुलगा सतरा वर्षांचा होता, देखणा होता. लोकांना बरे वाटले.

तो मुलगा म्हणजे दुसरे यशवंतराव. विलायतेत शिकले, १९३० मध्ये अखत्यार मिळाला, माणिकबाग बांधली. त्यांच्याच कारकिर्दीत रेसिडेन्सीचा बाजार होळकर राज्याला परत मिळाला, आणि छावणीच्या त्या भागाला त्यांच्या पत्नीचे नाव लागले, संयोगितागंज. १९४२ मध्ये ह्या महाराजांनी अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट ह्यांना उघड पत्र लिहिले. हिंदुस्थान आणि ब्रिटन ह्यांच्यातील प्रश्नात अमेरिकेने व मित्रराष्ट्रांनी मध्यस्थी करावी, असा त्यातला आशय. परसत्तेशी कंपनीला न विचारता पत्रव्यवहार करावयाचा नाही, ह्या कराराला तेव्हा एकशेचोवीस वर्षे झाली होती. पत्र रेसिडेन्सीच्या टपालातून गेले नाही. इतर संस्थानिक गप्प होते, आणि ह्या पत्रानंतरही गप्पच राहिले.

परत येताना मी छावणीच्या बाजूने येतो. संयोगितागंजात धान्याच्या गोण्या उतरत असतात, हमालांची आरडाओरड असते. इंग्रजी कायद्याचा बाजार होता ह्याची खूण आता नावापुरतीही नाही. वळसा घालून पुन्हा एम. वाय. वरून रस्ता जातो. ज्यांनी पत्र लिहिले त्यांचे नाव फाटकावर, आणि आत बख्तावरसिंहांची जागा.

पुढच्या खेपेला पाहुणे येतील तेव्हा सराफ्यापूर्वीचा तासभर ह्या वाटेसाठी ठेवावा. कोठीच्या आत जाण्यास परवानगी लागते. बाहेरून पाहिले तरी चालते. तिथून परत फिरून पश्चिमेकडे चालू लागले की राजवाडा दिसत नाही, मध्ये इमारती फार झाल्या आहेत. पण वाट सरळ आहे, आणि चुकण्यासारखी नाही.